कानातला नाद आणि बरे होण्याची आशा

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास मला जाग आली ती खोलीतल्या ट्यूबलाइटचा चोक वाजतो आहे, अशा समजुतीने. पाहतो तो दिवा बंद होता. मग पंखा बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज बंद केला आणि शेवटी बाहेर येऊन मीटरखालचा मुख्य खटकाच खाली ओढला. सारे घर निःशब्द झाले आणि तो बारीक, एकसुरी, धातूवर धातू घासल्यासारखा आवाज पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू येऊ लागला. सौ. अंधारात दारात येऊन उभी होती. ‘अहो, कसला आवाज? मला तर काहीच ऐकू येत नाही,’ असे ती म्हणाली, तेव्हा तो आवाज घरात नसून आपल्या डोक्यात आहे, हे प्रथम माझ्या ध्यानात आले.

आदल्या रात्री आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत स्वयंसेवक म्हणून उभे होते आणि त्यांच्यावर देखरेख करण्यासाठी मीही होतो. एका चौकात मिरवणूक तुंबली. ट्रॅक्टरवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपासून दहा-बारा हातांवर मी पाऊण तास अडकून पडलो. घरी परतलो तेव्हा कानाला दडे बसले होते. पण झोपेने ते सुटतील, असे गृहीत धरून मी निजलो. दडे सुटले. नाद मात्र राहिला. या घटनेला आता दहा महिने होत आले आहेत.

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे याला आधुनिक वैद्यक ‘टिनिटस’ म्हणते. आपल्याकडे त्याला ‘कर्णनाद’ हे जुने आणि समर्पक नाव आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे जे २८ रोग गणले आहेत, त्यांत त्याचा समावेश आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना, तो कधी ना कधी जाणवतो. सुमारे दोन टक्क्यांना तो तीव्र स्वरूपात छळतो. इतका सार्वत्रिक विकार इतका अबोल का, याचे उत्तर सोपे आहे. ज्याला ताप आहे त्याच्या कपाळाला हात लावता येतो. कर्णनादाला रुग्णाच्या साक्षीखेरीज पुरावा नसतो. ‘अमक्याच्या कानात आवाज येतात’ हे वाक्य आपल्या समाजात कशा अर्थाने घेतले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. साहजिकच शहाणी माणसे गप्प राहतात. मीही दोन आठवडे गप्प राहिलो.

हे मौन धोक्याचे असते, हे मला नंतर कळले. कर्णनादाबरोबर एका कानाचे ऐकणे एकाएकी कमी झाले असेल, तर ती तातडीची बाब असते. अशा वेळी देण्यात येणाऱ्या स्टिरॉइड औषधांचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत होण्याचा संभव सर्वांत अधिक, पुढे तो झपाट्याने घटतो. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत भोवळ येत असेल, तरीही विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेले पाहिजे. कधी कधी कारण अगदी क्षुल्लक, म्हणजे कानातला घट्ट बसलेला मळ, इतकेच असते. कधी ते औषधात असते : मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनने नाद सुरू होतो व औषध थांबवल्यावर सहसा थांबतो, जेंटामायसिन किंवा क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन यांच्या इंजेक्शनांनी मात्र कानाला कायमची इजा पोहोचू शकते. माझ्या बाबतीत नाद दोन्ही कानांत होता आणि ऐकणे फारसे उणावले नव्हते. तो केवळ दैवयोग.

श्रवण तपासणीचा जो आलेख हाती आला, त्यात ४००० हर्ट्झच्या ठिकाणी रेषा एकदम खाली उतरून पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ही ओळखीची खूण. आतल्या कानातील ‘कॉक्लिआ’ नावाच्या शंखाकृती भागात सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्यांच्यामुळे होते. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुसंख्य तज्ज्ञांचे मत असे की, त्या पट्टीतले संदेश येईनासे झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. रेडिओवर केंद्र नीट लागत नसले की आपण आवाजाची कळ पुढे फिरवतो आणि मग केंद्राऐवजी खरखरच मोठी होते, तसाच हा प्रकार. नाद सुरू होतो तो बहुधा कानाच्या इजेमुळे, पण चालू राहतो तो मेंदूच्या या खटाटोपामुळे.

मुळात ती खरखर प्रत्येकाजवळ असतेच. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी ऐकणे उत्तम असलेल्या ८० माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतील ९४ टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आला. हा प्रयोग मला वाचायला मिळाला त्या रात्री मी कित्येक दिवसांनी थोडा निश्चिंत झोपलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

कारण पहिल्या दोन महिन्यांची हकीकत फारशी अभिमानास्पद नाही. रात्री दिवा मालवायची भीती वाटे. दर पाच मिनिटांनी ‘कमी झाला का?’ म्हणून मी कान लावून पाही, आणि पाहिले की तो तेथेच असे. वर्गात अडचण निराळी होती. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने वरच्या पट्टीतली. मागच्या बाकावरून एखाद्या मुलीने हळू आवाजात प्रश्न विचारला की शब्दांची टोके झिजल्यासारखी ऐकू येत. दोनदा मी भलत्याच प्रश्नाचे उत्तर दिले. एकदा प्रश्न ऐकलाच नाही आणि विद्यार्थिनीला वाटले की सरांनी मुद्दाम दुर्लक्ष केले. वीस वर्षे शिकवण्यावर जगलेल्या माणसाला, आणखी किती वर्षे वर्ग घेता येतील, असा हिशेब पहाटे मांडावा लागला, तर त्याची मनःस्थिती काय होत असेल? बेथोव्हेनने १८०१ मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात रात्रंदिवस गुणगुणणाऱ्या कानांची हीच तक्रार केली होती आणि आपण लोकांत मिसळणे टाळतो, असेही कळवले होते. चेक संगीतकार स्मेतानाने तर १८७६ च्या आपल्या चतुष्कात, शेवटच्या भागात, आपल्या कानातला तो तार स्वर व्हायोलिनकडून वाजवून घेतला. आपल्यासारख्यांना तीही सोय नाही.

ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी कानात दिवा घालून पाहिले आणि म्हणाले, ‘काही नाही. सवय होईल.’ सल्ला अक्षरशः खरा होता. पण तो ज्या रीतीने दिला गेला, त्या रीतीत शिक्षा सुनावल्याचा भास होता. मी बाहेर पडलो तो थेट दुसऱ्या टोकाला. नातेवाइकांनी सुचवलेली तेले, जाहिरातीतले थेंब, ‘सहा आठवड्यांत पूर्ण शांतता’ असे वचन देणाऱ्या गोळ्या, त्यांत जिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्कही होता. चार महिन्यांत ११,४०० रुपये खर्च झाले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने हे लिहिताना संकोच वाटला पाहिजे आणि तो वाटतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, जस्त वगैरे पूरके कर्णनादासाठी सुचवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. नाद बंद करणारे म्हणून तेथील औषध नियंत्रकाने मान्य केलेले एकही औषध नाही. पण ज्याला रात्री झोप नाही, तो ग्राहक किंमत पाहत नाही. त्याची मागणी पूर्णपणे अलवचीक असते आणि विक्रेत्याला ते माहीत असते.

तेव्हा प्रश्न असा की, नव्याने नाद सुरू झालेल्या माणसाने आशा कशाची धरावी? मला वाटते, येथे ‘बरे होणे’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. एक, आवाज थांबणे. मोठ्या आवाजानंतर सुरू झालेला नाद पुष्कळदा काही तासांत वा दिवसांत ओसरतो. महिने उलटल्यावर तो समूळ जाण्याची शक्यता उणावते, हेही लपवण्यात अर्थ नाही. दुसरा अर्थ, आवाज असूनही त्याचे काही न वाटणे. ही दुसरी आशा पोकळ नाही. १९८४ साली ब्रिटनमध्ये हॅलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की नादाची सवय होणे हाच स्वाभाविक क्रम आहे. १९९० मध्ये यास्त्रेबॉफ यांनी मेंदूतील भीती व लक्ष यांच्या यंत्रणा या नादाला कशा चिकटतात, याची उपपत्ती दिली. मेंदू ज्याला धोका समजतो, त्यावर पहारा ठेवतो. धोका नाही असे पटले की पहारा उठतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराने नाद कमी होत नाही, परंतु त्यामुळे होणारा जाच कमी होतो, असा निष्कर्ष २०२० च्या एका मोठ्या आढाव्यातही निघाला आहे. ज्यांचे ऐकणे कमी झाले आहे, त्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होतो. खोलीत अगदी शांतता ठेवण्याऐवजी पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज असू द्यावा, हा सर्वांत स्वस्त उपाय. मी तो सर्वांत शेवटी केला.

खरे तर हे सारे मला आमच्या ग्रंथालयातील परिचराने, ज्यांना विद्यार्थी मामा म्हणतात, एका वाक्यात सांगितले होते. महाविद्यालयात लागण्यापूर्वी मामांनी इचलकरंजीत चौदा वर्षे यंत्रमागावर काम केले. माग चालू असताना शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे, म्हणून सारा व्यवहार हाताच्या खुणांनी चाले. त्यांच्या दोन्ही कानांत तीस वर्षे नाद आहे. मी कान चोळताना पाहून ते म्हणाले, ‘सर, रातकिडं हाय ते. हाकलाय गेलं की जास्त वरडतंय. ऱ्हाऊ द्या.’ आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होती. तथापि चार-सहा मागांच्या घरगुती खोलीला तो कायदा लागू नसे. मामांचे कान कोणी तपासले नाहीत, त्यांना कोणी काही समजावले नाही. शेवटी जे कळायचे ते त्यांना स्वतःच कळले; त्याला सहा-सात वर्षे लागली, असे ते म्हणतात.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. मला जे हवे होते ते वीस मिनिटांचे स्पष्टीकरण : हा आवाज काय आहे, कोणती लक्षणे गंभीर, कोणती नाहीत, पुढे काय होण्याचा संभव आहे. ते अखेर एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी दिले, आणि सुधारणा त्या दिवसापासून सुरू झाली. पण आपल्या रुग्णालयांच्या दरपत्रकात एमआरआयला रकाना आहे, रक्त तपासणीला आहे. समजावून सांगण्याला नाही. ज्याला किंमत नाही त्याचा पुरवठा होत नाही, हे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही जाणतात. मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवणतज्ज्ञ घडवते आहे. प्रश्न एवढाच की तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी रुग्णालयात, नाद घेऊन आलेल्या शिक्षकाला किंवा विणकराला त्यांतील कोणी भेटतो का?

आणि मुळाशी असलेल्या गोंगाटाचे काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुसह्य मानला, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती २० मिनिटांच्या आसपास उरते. त्या चौकात मी पाऊण तास होतो आणि आवाज शंभराच्या खाली असेल, असे मला वाटत नाही. पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचा विचार मांडला. धुरांड्याचे उदाहरण देऊन मी तो दरवर्षी शिकवतो. यंदा उदाहरण बदलले.

नाद अजून आहे. हे लिहिताना त्याच्याकडे लक्ष गेले म्हणून तो आहे. काल उत्तरपत्रिका तपासताना दोन तास तो कोठे होता, ते मला सांगता येणार नाही. आलेखातली खाच भरलेली नाही आणि ती भरेल, असे कोणी म्हटलेलेही नाही. मागच्या बाकांवरच्या विद्यार्थ्यांना मी पुढे बसवतो आणि का बसवतो, ते पहिल्याच तासाला सांगून टाकतो.

यंदाच्या मिरवणुकीसाठी स्वयंसेवक मागणारे पत्र परवा आले. साठ मुलांसाठी कानात घालायचे फोमचे बोळे आणले आहेत. एका मुलाने विचारले, ‘सर, हे घातल्यावर तुमच्या सूचना कशा ऐकू येणार?’ तेव्हापासून दर शनिवारी तास संपल्यावर मामा त्यांना मागावरच्या खुणा शिकवतात.