कायदा बावीस, कायदा तेवीस

भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणींच्या शेजारी अहिवारा वसले आहे. दुर्ग जिल्ह्यातील हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००८ मध्ये येथे पहिली निवडणूक झाली. सतनामी समाज, खाण कामगार, ठेकेदाराकडील मजूर आणि कारखान्याच्या ओढीने आलेली विदर्भातील कुटुंबे असे या पट्ट्याचे समाजचित्र आहे. मतपेटीपर्यंत पोहोचलेला येथील नागरिक बँकेच्या खिडकीपर्यंत पोहोचला काय, हा प्रश्न मात्र एका मतदारसंघापुरता नाही. त्याचे मूळ शोधावयाचे तर राजधानीतील एका जुन्या तारखेकडे जावे लागते.

ती तारीख ८ मे १९५५. त्या एकाच दिवसाची नोंद असलेले दोन कायदे क्रमांकानेही शेजारी आहेत. त्या वर्षीचा बाविसावा कायदा अस्पृश्यता (अपराध) कायदा, आणि तेविसावा भारतीय स्टेट बँकेचा कायदा. पहिला १ जूनला अमलात आला. १ जुलैला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. नागरी हक्क आणि बँक यांची अशी लागोपाठ नोंद हा निव्वळ योगायोग होता. पण प्रजासत्ताकाची दोन्ही आश्वासने त्यामुळे एकत्र वाचता येतात.

बँकेच्या कायद्यामागे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. रायगडच्या परिसरातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर आले. ज्या महाडात डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, ते याच कुलाबा जिल्ह्यातले. छत्तीसगडही चिंतामणरावांना परके नव्हते. मध्यप्रांतातील सनदी नोकरीत रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम त्यांनी पाहिले होते. शेतकऱ्याचे देणे कोणाकडे तुंबते, हे त्यांना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होण्यापूर्वीच ठाऊक होते.

गोरवाला समितीने १९५४ मध्ये त्या अनुभवाला आकडे दिले. ग्रामीण कर्जांपैकी सुमारे ७० टक्के कर्जे सावकारांकडून येत. व्यापारी बँकांचा वाटा एक टक्काही नव्हता. बाजार आपण होऊन खेड्यात जाणार नाही, तेव्हा राज्यसंस्थेने बँकेत भागीदार होऊन तिला तेथे न्यावे, ही समितीची शिफारस देशमुखांनी उचलून धरली. पाच वर्षांत किमान चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यातच घातले गेले.

बाविसाव्या कायद्याची भाषा वेगळी होती. नेहमीच्या व्यवहारात इतरांना ज्या ठिकाणी, ज्या वेळी आणि ज्या अटींवर सेवा मिळते, ती अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे त्याने गुन्हा ठरविले. एका कायद्याने हक्क दिला, दुसऱ्याने खिडकी उघडली. पण त्या खिडकीवर नकार मिळाल्यास त्याचे कारण मागण्याचा अधिकार दोन्ही कायद्यांनी दिला नाही. कर्ज नाकारताना जात कोणीच उच्चारत नाही. कधी तारण अपुरे असते, कधी रहिवासाचा पुरावा नसतो, कधी साहेब जागेवर नसतात. कारणच नोंदले गेले नाही तर गुन्हा सिद्ध कशावरून व्हावा?

कारण मागण्याचे मोल देशमुखांइतके थोड्याच संसदपटूंना उमगले असेल. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी त्यांनी मागितली आणि ती नाकारली गेली. मुंबईविषयीच्या निर्णयात मंत्रिमंडळाला डावलल्याचा आरोप करीत त्यांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. महाराष्ट्राने त्या राजीनाम्यात अस्मिता पाहिली आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्याचा गाभा नागरी हक्कांचा होता: शासनाने नागरिकावर बळ वापरले तर शासनाने जाब दिला पाहिजे.

पुढे दोन्ही कायद्यांच्या वाटा राजकारणाच्या कर्कश वळणांतून गेल्या. १९ जुलै १९६९ रोजी हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्यासाठी पद सोडले. त्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले देशमुख तिसऱ्या स्थानावर राहिले. अस्पृश्यताविरोधी कायद्याचे 'नागरी हक्क संरक्षण कायदा' असे नामकरण १९७६ मध्ये झाले. म्हणजे आणीबाणीत, नागरी हक्क गुंडाळून ठेवलेले असताना.

आज चित्र पालटले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतील खात्यांनी २०२३ मध्ये पन्नास कोटींचा टप्पा ओलांडला. अनुदान खात्यात येते, मजुरीही येते. मात्र खाते म्हणजे पत नव्हे. पैसा येण्याचा मार्ग मोकळा झाला, तरी कर्जाची खिडकी बँकेच्या मर्जीवर राहिली. छोट्या कर्जाचा अर्ज फेटाळताना लेखी कारण द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच बँकांना सांगितले. पण ती मार्गदर्शक संहिता आहे, संसदेने दिलेला हक्क नव्हे. बदलीच्या गावी पत्त्याचा पुरावा गोळा करणारा अधिकारी निदान कागद वाचू शकतो. ठेकेदार बदलला की पत्ताही बदलणाऱ्या मजुराने कोणत्या संहितेचा आधार घ्यावा?

राखीव मतदारसंघांतून निवडून येणाऱ्यांनी आणि दुर्गसारख्या औद्योगिक जिल्ह्यांच्या खासदारांनी नव्या शाखा जरूर मागाव्यात. पण त्याआधी एक साधी तरतूद मागावी. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी मिळणे बंधनकारक असावे, आणि कोणत्या शाखेने कोणत्या समाजघटकांचे किती अर्ज फेटाळले, हे संसदेपुढे दरवर्षी यावे. या तरतुदीला तिजोरीतून फारसा पैसा लागणार नाही. बाविसाव्या आणि तेविसाव्या कायद्यांमध्ये राहून गेलेला दुवा मात्र त्याने जोडला जाईल.