ऑनलाइन लिलावांतील कांहीं नाण्यांची चुकीची ओळख

पूर्वीं नाण्याची परीक्षा सराफकट्ट्यावर किंवा जुन्या बाजारांत होत असे. नाणें तळहातावर घ्यावें, त्याचें वजन अजमावावें, नखानें अक्षरांतील मळ काढावा, आणि मग भाव विचारावा, अशी रीत होती. आतां लिलाव घरबसल्या मोबाइलच्या पडद्यावर पाहावयास मिळतात. नाण्याच्या जागीं त्याचें छायाचित्र येतें व त्याखालीं विक्रेत्यानें लिहिलेल्या दोन ओळी येतात. त्या दोन ओळींवर विसंबून घेतलेलें नाणें पुष्कळदां भलतेंच निघतें. उलटपक्षीं, एखादें दुर्मिळ नाणें "जुनें, सामान्य" एवढ्याच शब्दांखालीं पडून राहतें. पहिल्या प्रकारांत घेणाराचे पैसे बुडतात, दुसऱ्यांत इतिहासाचें साधन बुडतें. दुसरी हानि मोठी आहे असें प्रस्तुत लेखकाचें मत असून, तें कां झालें हें बोनकोडे येथील आपल्या घरीं बसून पाहिलेल्या एका लिलावाच्या हकीकतीवरून शेवटीं ध्यानांत येईल.

आधीं पहिल्या प्रकाराविषयीं. महाराष्ट्रांत सर्वांत अधिक फसवणूक शिवराईच्या नांवावर होते. एका बाजूस "श्री राजा शिव" व दुसऱ्या बाजूस "छत्र पति" अशीं अक्षरें असलेला तांब्याचा पैसा दिसला कीं "शिवकालीन, राज्याभिषेकाच्या वेळचा" असें लिहून त्याची किंमत दसपट करावयाची, हा सरसकट प्रघात पडला आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला व महाराज १६८० मध्यें निवर्तले. परंतु त्यांच्या नांवाचा पैसा पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या टांकसाळींतून पडत राहिला. शाहूच्या अमदानींत व पेशवाईंतहि नांव शिवाचेंच. पेशवाई बुडाल्यावरहि हा पैसा बाजारांतून गेला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत देशावर शिवराई चालत असे. म्हणून नाण्यावरील नांव एक व नाण्याचा काळ दुसरा, ही गोष्ट प्रथम मनांत पक्की बसविली पाहिजे.

यांतील दुदांडी शिवराई ओळखणें सर्वांत सोपें. तिच्यावर अक्षरांच्या ओळींमध्यें दोन समांतर आडव्या रेघा, म्हणजे दोन दांड्या, असतात. त्यावरूनच हें नांव पडलें. ती उत्तर पेशवाईंतील होय. छायाचित्रांत त्या दोन रेघा स्वच्छ दिसत असतांहि वर "शिवकालीन" लिहिलेलें असतें, आणि बोली लावणारे बोली लावतात! आरंभींच्या शिवराईचीं अक्षरें अधिक रेखीव असून भोंवतीं बिंदूंचें कडें असतें. मात्र तांब्याचा तुकडा ठशापेक्षां लहान असल्यामुळें त्या कड्याचा एखादाच भाग नाण्यावर उमटतो. वजनहि उपयोगी पडतें. जुनी पूर्ण शिवराई तोळ्याच्या आसपास भरते, दुदांडी बहुधा तीहून हलकी. पण झिजेनें वजन उतरतें, तेव्हां केवळ कांट्यावर निर्णय देऊं नये. अक्षरांच्या लेखनांतहि फरक आहेत. "शिव", "सिव", "सीव" अशीं रूपें येतात, "पति" व "पती" हेहि दोन्ही येतात. रेव्हरंड ॲबट यांनीं हजारों शिवराया जमवून हे भेद जुळविण्याचा पहिला पद्धतशीर यत्न केला. एवढा साठा समोर असूनहि प्रत्येक प्रकाराचा काळ ठरविणें त्यांना सोपें गेलें नाहीं. मग एका धूसर चित्रावरून राज्याभिषेकाचें वर्ष सांगणाऱ्याच्या धैर्याला काय म्हणावें?

"श्री राजा शंभु छत्रपति" अशीं अक्षरें असलेले पैसे खरोखर आहेत व ते शिवराईच्या मानानें फार विरळ. त्यामुळें ज्या नाण्याची तिसरी ओळ अर्धी कापली गेली आहे, तें शंभूचें ठरविण्याकडे विक्रेत्यांचा कल असतो. या मोहास प्रस्तुत लेखकहि एकदां बळी पडला आहे. चित्रांत "श" वर टिंब दिसलें, त्याखेरीज कांहीं पाहिलें नाहीं, आणि शंभूचें नाणें मिळालें या आनंदांत चांगली किंमत मोजली. नाणें हातीं आल्यावर चिंचेच्या पाण्यानें नव्हे (तो अत्याचार कोणीं करूं नये), तर साध्या पाण्यानें व मऊ कुंचल्यानें तें धुतलें, तों तें टिंब म्हणजे हिरव्या गंजाचा कण निघाला. तेव्हांपासून एक नियम पाळीत आहें: "भु" हें अक्षर उकारासह दिसल्यावांचून शंभूचें नांव घ्यावयाचें नाहीं. "शं" वर विश्वास ठेवूं नये, "भु" पाहावा.

सोन्याच्या होनाची गोष्ट निराळी आहे. शिवछत्रपतींचे अस्सल होन इतके थोडे ज्ञात आहेत कीं, ऑनलाइन लिलावांत कोणी अनोळखी मनुष्य काढील तो होन आधीं खोटाच धरावा. स्मृतिचिन्ह म्हणून मिळणाऱ्या मुलामा दिलेल्या प्रतिकृति सर्वत्र आहेत. येथें धातूचें घनत्व उपयोगी पडतें. शुद्ध सोनें तांब्याच्या दुपटीहून जड असतें. अस्सल होन सुमारें पावणेतीन ग्रॅमांचा आहे. विक्रेत्यानें व्यास व वजन दोन्ही दिलीं असल्यास, तेवढ्याच आकाराचें तांबें तें वजन भरूं शकत नाहीं हें तेव्हांच कळतें. वजन देण्यास जो टाळाटाळ करतो त्याचें उत्तर आपोआप मिळालें असें समजावें.

पुण्याच्या अंकुशी रुपयांत चूक दोन्ही दिशांनीं होते. त्यावरील लेख फारशींत व दिल्लीच्या बादशहाच्या नांवें असतो, म्हणून कोणी त्यास मोगल म्हणून विकतो. अंकुशाचें चिन्ह ओळखणारा दुसरा कोणी त्यास निःशंकपणें पेशव्यांचा ठरवितो. परंतु १८१८ नंतर कंपनी सरकारनेंहि पुण्याच्या टांकसाळींत अंकुशी रुपये पाडणें चालू ठेवलें होतें, व त्यांवर फसली सन घातला आहे. समजा, १२३१ असा आंकडा दिसला. तो हिजरी समजल्यास इ. स. १८१५-१६ येतें, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द. तोच फसली धरून ५९० मिळविल्यास १८२१-२२ येतें, आणि त्या वेळीं बाजीराव ब्रह्मावर्तास होता. एका सनाच्या चुकीनें कंपनीचा रुपया पेशव्यांचा होतो.

रामदरबाराचें किंवा हनुमंताचें चित्र असलेल्या, १६१६, १७१७, १८१८ असे सन घातलेल्या व "ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा" असें छापलेल्या पितळी चकत्यांविषयीं या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नसावी. कंपनीनें असलीं नाणीं कधींच पाडलीं नाहींत. तरी त्यांच्या नांवें लाखांच्या गोष्टी चालतात, व जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रींत आपलें नांव पुढें करून कोणी शुल्क मागत असल्यास फसूं नये, असें रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२१ च्या ऑगस्टांत जाहीरपणें सांगावें लागलें.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. बोनकोडे हें ठाणें खाडीच्या पूर्वेकडील जुनें गांव. हल्लीं तें कोपरखैरण्याच्या वस्तींत मिसळून नवी मुंबईचा भाग झालें आहे. खाडीच्या पलीकडे भांडुप आहे. त्या भांडुपास सांपडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहे. याचाच भाऊ मुम्मुणि, ज्याच्या वेळचा शके ९८२ चा लेख अंबरनाथच्या देवालयांत आहे. ताम्रपटांत महामंडलेश्वर म्हणविणाऱ्या या छित्तराजानें स्वतःच्या नांवाचें चांदीचें नाणें पाडलें. त्याची घडण गधैया नाण्याची आहे. गधैया म्हणजे इराणच्या सासानी द्रम्माची अनेक पिढ्यांच्या नकलेनें ओबडधोबड झालेली आवृत्ति. राजाचा मुखवटा नुसत्या रेघा व ठिपके यांचा झालेला, आणि अग्निवेदीची नुसती खूण राहिलेली. साध्या गधैयावर नांव नसतें व तीं नाणीं गुजराथ, माळवा, कोंकण येथें विपुल सांपडतात. छित्तराजाच्या नाण्यावर मात्र एका बाजूस तोच मुखवटा असून दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत त्याचें नांव आहे. ज्यानें फक्त मुखवट्याची बाजू पाहिली त्यास दोहोंत भेद दिसणार नाहीं.

गेल्या आषाढांत एका लिलावांत "गधैया, चांदी, पांच नग, सामान्य" असा एक गट दिसला. किंमत एवढी कमी होती कीं त्यांत चांदीचाहि भाव धरलेला नसावा. चार नाणीं खरोखर सामान्य होतीं. पांचव्याच्या उजव्या कडेस चीर होती, व त्याचें चित्र उलटें घेतलेलें होतें. मोबाइल फिरवून पाहिला तों वेदीच्या जागीं रेघा नसून अक्षरें आहेत असें वाटलें. "श्री" स्पष्ट होती. "राज" वाचतां आलें. मधलें अक्षर "त्त" असावें. लिलाव संपण्यास दोन रात्री उरल्या होत्या.

अशा वेळीं संग्राहकानें काय करावें? मुकाट्यानें बोली लावून नाणें पदरांत पाडावें, कीं विक्रेत्यास खरें सांगावें? बहुतेक जण पहिलेंच करतील, आणि त्यांस दोष देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाहीं, कारण पहिली रात्र त्यानें तोच विचार करण्यांत घालविली. परंतु हें नाणें कोठून आलें, त्याबरोबर आणखी किती होतीं, हें कळल्यावांचून त्याचें मोल निम्म्याहून कमी. ठाणें जिल्ह्यांत एखाद्या पायाच्या खोदकामांत पांच गधैयांसह तें निघालें असेल तर छित्तराजाचें नाणें नांव नसलेल्या नाण्यांबरोबर चालत होतें एवढें तरी सिद्ध होईल. गुजराथेंतून आलें असेल तर अर्थ निराळा. शिवाय भूमिगत ठेवा सांपडल्यास, तो दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असेल तर, १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो, ही गोष्ट घेणारानेंहि विसरून चालत नाहीं. म्हणून दुसऱ्या दिवशीं विक्रेत्यास लिहिलें: नाणें बहुधा शिलाहारांचें आहे, कृपा करून तें व त्यासोबतचीं कोठें मिळालीं तें कळवावें, वजन द्यावें, व अक्षरांच्या बाजूचें सुलटें चित्र पाठवावें.

उत्तर तासाभरांत आलें. वजन चार ग्रॅमांहून थोडें अधिक, इतकेंच. कोठून आलें याविषयीं अक्षर नाहीं. संध्याकाळपर्यंत तो गट लिलावांतून काढून घेतला गेला, व पुढील पत्रांस उत्तर मिळालें नाहीं. मागाहून चार नाणीं पुन्हा विक्रीस लागलीं, पांचवें नव्हतें.

प्रस्तुत लेखकाजवळ आतां त्या नाण्याचें उलटें घेतलेलें एक छायाचित्र आहे, आणि त्यावरून मधल्या अक्षराचा निर्णय होत नाहीं. उजव्या कडेस चीर असलेलें, नागरी अक्षरांचें असें गधैया नाणें वाचकांपैकीं कोणाकडे आषाढानंतर आलें असेल, किंवा पुढें कोणी दाखविण्यास आणील, तर किंमतीची गोष्ट मागाहून करावी. आधीं तें कोणत्या गांवच्या मातींतून निघालें, एवढें विचारून, लिहून ठेवावें.