सुवर्णनगरीचा इतिहास आणि अक्षरांची मांडणी

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की घरातील मुले-मुली संगणकवर्गाला जातात, हे आता आपल्या समाजात नित्याचे झाले आहे. २००१ साली शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे पाथर्डी, जामखेड, नेवासे यांसारख्या तालुक्यांच्या गावीही संगणक परिचयाचा झाला. मुले वर्ड शिकतात. अक्षर ठळक करणे, रंग देणे, ओळ मध्यावर आणणे त्यांना चटकन जमते. तरीही पेढीचे एखादे चार पानी निवेदन तयार करावयास सांगितले, तर पुष्कळांची तारांबळ उडते. कारण सराव झालेला असतो तो अर्थहीन ओळींवर. ज्या मजकुराला आशयच नाही, त्यात मुख्य काय आणि गौण काय हे ठरविण्याची वेळ येत नाही.

व्यापारी घरातील मुलांना सरावासाठी सॅन फ्रान्सिस्कोचा इतिहास द्यावा. येर्बा ब्वेना नावाच्या लहानशा वस्तीला १८४७ मध्ये हे नाव मिळाले. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल याला सटर यांच्या लाकूड गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. त्या वर्षी सुमारे एक हजार वस्तीचे हे गाव १८४९ अखेर पंचवीस हजारांच्या घरात पोहोचले. बंदरात आलेल्या जहाजांचे खलाशीदेखील खाणींकडे पळाले. रिकाम्या जहाजांपैकी काहींची गोदामे झाली, काहींची दुकाने. पुढे भराव घालून रस्ते झाले आणि त्यांतील काही जहाजे रस्त्यांखाली गाडली गेली.

हा मजकूर पडद्यावर आला की पहिला प्रश्न पडतो तो मथळ्याचा. ‘सोने सापडले’ हा मुख्य मथळा की ‘बाजार उभा राहिला’ हा? सोने खणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती फारसे काही लागले नाही. सॅम्युएल ब्रॅनन या दुकानदाराने मात्र फावडी, पाट्या आदी साहित्य आधी गोळा केले, मग रस्त्यावर सोन्याची हाकाटी पिटली आणि अमाप नफा मिळविला. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस १८५३ मध्ये तेथे आला. तांब्याच्या रिव्हेटांनी बळकट केलेल्या विजारींचे पेटंट त्याला व जेकब डेव्हिसला १८७३ मध्ये मिळाले. या दोघांना एकाच मथळ्याखाली ठेवावे काय? ब्रॅननची हुशारी श्रावकाच्या व्रतांच्या कसोटीवर कितपत टिकते, हा विषय सूर्यास्तापूर्वीच्या जेवणावर घेण्याजोगा आहे. मथळा ठरविण्यासाठी मजकूर वाचावा लागतो, आणि सरावाचे खरे फळ तेथेच आहे.

मथळा ठरला की तो हाताने मोठा व ठळक करू नये. त्याला ‘हेडिंग’ ही स्टाईल लावावी. असे केल्यास अनुक्रमणिका वर्ड स्वतः तयार करतो, आणि पुढे आकार बदलावासा वाटला तर एकदाच बदलला की सर्व मथळे बदलतात. आकडे सरळ रेषेत आणण्यासाठी स्पेसबार दाबत बसणे ही सर्वांत रूढ चूक होय. त्यासाठी टॅब किंवा कोष्टक असते. आपल्या पूर्वजांना हे शिकवावे लागले नसते. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीचे पान ते घड्या पाडून उभ्या रकान्यांत विभागत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि रुपये-आणे-पै आपापल्या जागी. रेघ न मारता केलेली ती उत्तम मांडणी होती.

मराठीच्या काही गोष्टी मात्र इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही, म्हणून ‘इटॅलिक’ लावल्यास शब्द ओढून-ताणून वाकविल्यासारखा दिसतो. अधोरेखन उकारांना आणि ऋकाराला छेदून जाते. ओळींतील अंतर ठरावीक अंकाने बांधले, तर वेलांटी किंवा रफार कापला जाण्याची भीती असते. रोमन आणि देवनागरी अक्षरांचा आकार वर्डमध्ये वेगवेगळा नोंदलेला असतो, त्यामुळे एक बदलूनही दुसरा जसाच्या तसा राहतो आणि नवखा गोंधळतो.

याहून गंभीर प्रश्न टिकाऊपणाचा. १८४९ ते १८५१ या काळात सॅन फ्रान्सिस्को अनेकदा जळाले. तेथील १८५० च्या जनगणनेची मूळ पत्रके आज उपलब्ध नाहीत. आपल्याकडे आग लागण्याचीही गरज नाही. संघाच्या स्मरणिका, चातुर्मासाचे वृत्तान्त, वंशावळी पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टांत टंकित होत. त्या काळी दुसरी सोय नव्हती. पण तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर ती फाईल उघडली, तर वाचता न येणारी चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी सर्वत्र मराठीच राहते. म्हणून जुन्या फाईलींचे रूपांतर ते टंकणारे हात व ते वाचणारे डोळे घरात आहेत तोवरच करून घ्यावे. रूपांतरात जोडाक्षरे हमखास बिघडतात आणि ती ओळखण्यास वडीलधारेच लागतात.

सॅन फ्रान्सिस्को पुरे झाले की दुसरा धडा आपल्याच नगराचा घ्यावा. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला. १८०३ मध्ये किल्ला वेलस्लीच्या हाती गेला. १९४२ पासून पंडित नेहरू तेथे बंदिवान होते. १९०० मध्ये चिचोंडी येथे आचार्य आनंदऋषीजी महाराजांचा जन्म झाला व १९९२ मध्ये नगर शहरात त्यांचे महाप्रयाण झाले. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. येथे ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा शिकविता येते. ‘अहमदनगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’ एकाच दाबात सर्वत्र घातले, तर १८०३ चा किल्लाही नव्या नावाचा होतो आणि जुन्या खरेदीखताच्या उताऱ्यातील शब्दही बदलतो. पेढीच्या पत्रशीर्षावर नवे नाव हवे, खताच्या नकलेत जुनेच. म्हणून ‘सर्व बदला’ हे बटण टाळून एकेका ठिकाणी थांबत, वाचत, बदल करीत जावे.