वऱ्हाडच्या गाठीमागचा धूर

कापूस जिनात घातला, चुकारा हाती पडला, की आपला त्याच्याशी संबंध संपला असे आपण धरून चालतो. पण सुमारे पाच क्विंटल कापसातून निघालेली रुईची १७० किलोची गाठ परदेशी निघाली, तर अकोल्याहून न्हावाशेवा बंदरापर्यंत तिला सहाशेच्या आसपास किलोमीटर जावे लागते. आणि ट्रकने गेली तर वाटेत बराच धूर सोडीत जाते.

हिशेब मांडून पाहू. शंभर गाठी भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर चालला, तर एका खेपेला दीडशे लिटर डिझेल जळते. म्हणजे गाठीमागे दीड लिटर डिझेल आणि सुमारे चार किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायू. ट्रक रिकामा परतला तर त्याचे डिझेल वेगळेच. हाच वायू हवेत साचून ऋतूंचे तंत्र बिघडवतो आहे. शिवाय व्यापारी भाव काढताना भाडे आधी धरतो, तेव्हा या डिझेलची झळ अखेर आपल्यालाच लागते.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना घर्षण फार कमी होते. म्हणून तेवढेच वजन ओढायला आगगाडीला ट्रकपेक्षा पुष्कळ कमी शक्ती लागते. कोणी म्हणेल, विजेचे इंजिन झाले तरी वीज आपल्या पारसला कोळसा जाळूनच होते ना? खरे आहे. तरीही टनामागे धूर ट्रकपेक्षा बराच कमी पडतो.

वऱ्हाडाला रूळ नवे नाहीत. १८६७ साली ते वऱ्हाडातून नागपूरला पोचले, त्यामागे कापसाची ओढ मोठी होती. पुढे शकुंतला गाडी यवतमाळ आणि अचलपूरकडचा माल मूर्तिजापूरला आणू लागली. १९९४ पर्यंत तिला कोळशाचे इंजिन होते, धूर काही थोडा नव्हता! पण गावोगावचा माल जवळच्या स्टेशनावर गोळा होई. ती बंद पडली आणि ती सोयही गेली.

खरी अडचण इथेच आहे. अख्खी मालगाडी भरेल इतका माल एका जिनाकडे एका वेळी नसतो, आणि मालधक्क्यावर दुहेरी हमाली पडते. ट्रक दारात येतो. २०२० च्या ऑगस्टात सुरू झालेल्या किसान रेल्वेने थोडथोडा मालही घेतला, भाड्यात निम्मी सवलत दिली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला वरूडची संत्री तिने दिल्लीकडे निघाली. गाठींसाठी असे का होऊ नये? बंदराने २०२५ साली आवारात विजेवर चालणारे ट्रक आणले, हे चांगलेच झाले. पण आपले सहाशे किलोमीटर त्याने कमी होत नाहीत.

शेतकरी कंपनीच्या सभेत भावाबरोबर हेही विचारा: चार जिनांच्या गाठी एकत्र करून अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून रेल्वेने धाडता येतील का? हमाली धरून गाठीमागे काय पडेल? ट्रकच स्वस्त ठरला, तर निदान परतीला त्यात खताची भरती मिळते का, तेवढे पाहायला सांगा.