आधी चाकं जमिनीवर, मग पाना!

वीकेंडला नळदुर्गचा धबधबा बघायला निघाले आणि सस्पेन्शनचा धडा शिकून आले. स्वतः गाडी जोडणाऱ्या आणि अशा मित्रांच्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येकासाठी...

“ताई, आधी बाहेर या!”

मी चक्क एका जीपखाली होते. कंबरेपर्यंत आत, पाय बाहेर, हातात मोबाइलचा टॉर्च. सोलापूर मागे पडून धाराशिव जिल्हा लागला होता, नळदुर्ग जेमतेम दहा-बारा किलोमीटर राहिलं होतं, आणि पुढच्या डाव्या चाकातून येणारी ‘खट्-खट्’ आता प्रत्येक खड्ड्याला ऐकू यायला लागली होती. मित्राने गाडी कडेला घेतली, जॅक लावला आणि म्हणाला, “तू बारीक आहेस, जरा आत बघ ना!”

ओरडणारे गृहस्थ पलीकडच्या पंक्चरच्या दुकानातले मिस्त्री होते. वय साठीच्या आसपास. मी नाराजीनेच बाहेर आले. मामांनी काही न बोलता आमची स्टेपनी उतरवली आणि चासीखाली आडवी सरकवली. मित्राने वाकून, बाहेरूनच, नटावर पाना टाकून जोर लावला. दुसऱ्या हिसक्याला जॅक पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत तिरका रुतला. जीप डगमगली आणि सरळ स्टेपनीवर बसली.

मिनिटभरापूर्वी तिथे माझं डोकं होतं.

सुट्या भागांची झिंग

आधी गाडीची ओळख करून देते. माझा मित्र हिंजवडीत सॉफ्टवेअरवाला. त्याने एक जुनी जीप घेतली, नट न् नट सुटा केला आणि दोन वर्षं शनिवार-रविवार घालून पुन्हा जोडली. चासी आणि आरसी मूळचीच, पण पाटे, यू-बोल्ट, बुश सगळं नवीन.

हे वेड काही नवीन नाही. इंग्लंडमध्ये 1957 साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या किटमध्ये मिळायची, कारण घरी जोडलेल्या गाडीवरचा टॅक्स वाचायचा! आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने त्याच वळणाची रोडस्टर बनवली. महिंद्रांचा गाड्यांचा धंदासुद्धा विलीजच्या जीप सुट्या भागांतून मुंबईत जोडण्यापासूनच सुरू झाला. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात ना? 2021 मध्ये त्यांनी भंगारातून बनवलेली किक-स्टार्ट जीप देशभर गाजली आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. तेव्हाच एक गोष्टही पुढे आली होती, की अशी गाडी नियमात बसत नाही, रस्त्यावर अडवली जाऊ शकते. म्हणजे हौस आहे तर आधी आरटीओत विचारा!

पण कंपनीतून आलेली गाडी आणि घरी जोडलेली गाडी यात खरा फरक एकच. पहिलीचे बोल्ट कुणीतरी ठरलेल्या मापाने आवळलेले असतात. दुसरीचे तुम्ही.

चूक कुठे झाली?

“उंच गाडी हाय तुमची. यू-बोल्टचे नट चाकाशी बसून दिसतात. मग उचलली कशाला?” मामांचा पहिला प्रश्न. आम्ही दोघे गप्प.

जीप हळूहळू चालवत दुकानासमोरच्या काँक्रीटवर आणली. चारही चाकं जमिनीवर, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. मग मामांनी पाना लावला. यू-बोल्टचे चारही नट हाताला हलके लागले!

“मी हे सगळे टॉर्क रेंचने आवळले होते,” मित्र कळवळून म्हणाला. खोटं नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं.

“आवळले असतील. पाटे नवे हायत ना? ते बसतात. एकदा गाडी पळवून परत आवळायचे असतात.”

फंडा असा आहे. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळेच पाटे आणि अॅक्सल एकमेकांना घट्ट चिकटून राहतात. नव्या पाट्यांचा रंग आणि थर चेपले की तो ताण उतरतो. मग अॅक्सल सूतभर सरकायला लागतो, प्रत्येक खड्ड्याचा धक्का बोल्टवर येतो आणि एक दिवस बोल्ट तुटतो. पुढच्या चाकाचा तुटला तर स्टेअरिंग हातात असून उपयोग नाही.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म होती. पुण्यात पार्किंगमध्ये जीप स्टँडवर होती, चाकं हवेत लोंबकळत होती आणि आम्ही पाट्यांच्या टोकांचे बोल्टही तसेच फायनल आवळून टाकले. त्या टोकांत रबराचे सायलेंट बुश असतात. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते आणि पाटा हलताना रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या-उभ्याच पिळलेलं! असं रबर लवकर फाटतं. म्हणून बोल्ट घालून नट हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मगच फायनल आवळायचे. विशबोनवाल्या रोडस्टरलाही, रबरी बुश असतील तर, हाच नियम.

म्हणजे जी पद्धत बुशसाठी बरोबर, तीच आपल्यासाठीही जास्त सुरक्षित. गाडी तिच्या पायावर उभी!

मामांचा हात, मित्राचा आकडा

मामांनी चारही नट समोरासमोर, थोडे-थोडे करत आणले. एकच पूर्ण आवळला की पट्टी तिरकी बसते. शेवटचा घास टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ‘कट्ट’ आवाज आला आणि मामा हसले, “हे बरंय की!” मित्र आणखी एक हिसका द्यायला निघाला होता, त्याचा हात त्यांनीच धरला. पान्याला पाइप लावून दुप्पट लांबी केली की तोच जोर दुप्पट टॉर्क देतो, आणि जास्त ताणलेला बोल्ट सैल बोल्टाइतकाच धोक्याचा.

मग टोकांचे नट फक्त सैल करून, बोल्ट न काढता, रबर मोकळं केलं आणि पुन्हा आवळले. शेवटी माझ्या पर्समधली लाल नेलपॉलिश निघाली. प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत एक सरळ रेघ. नट फिरला की रेघ तुटलेली दिसणार!

गाडीखाली जाण्याआधी...

• जॅक फक्त उचलण्यासाठी. खाली जायचं तर कडक, सपाट जमिनीवर घोडी, म्हणजे स्टँड, हवाच. गाडी हलवून बघा, मगच आत शिरा. विटा नकोत, त्या अचानक फुटतात.
• हायवेच्या कडेला, ओल्या मातीवर गाडीखाली जाऊच नका. हळू चालवून किंवा टो करून पक्क्या जागी न्या.
• बोल्टच्या डोक्यावरचा 8.8 किंवा 10.9 हा ताकदीचा दर्जा. जो होता तोच घाला.
• नायलॉक नट दर वेळी नवा.
• आट्यांना मनाने तेल लावू नका. त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.
• नवे पाटे किंवा यू-बोल्ट टाकल्यावर मॅन्युअल सांगेल तेव्हा पुन्हा आवळा. काहीच लिहिलं नसेल तर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर.

नळदुर्गला पोहोचलो तेव्हा किल्ला बंद व्हायला थोडाच वेळ होता. बोरी नदीला पाणी भरपूर होतं आणि पाणीमहालावरून नर-मादी धबधबे धो-धो कोसळत होते. मित्र कॅमेरा काढून धावत सुटला.

मी मात्र आधी पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसले. आत न शिरता, बाहेरूनच टॉर्च मारला. चारही लाल रेघा सरळ होत्या.

मग गेले धबधबा बघायला!