मारीगोलने खेळायचे कुठे?

२००४ च्या डिसेंबरात मेक्सिकोतल्या सेलाया या पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीतील क्लबने मारिबेल डोमिंगेझ या स्ट्रायकरशी करार केला. ती तेव्हा २६ वर्षांची होती. स्पेनच्या एमिलिओ बुत्रागेन्योने कारकीर्दीचा शेवट याच सेलायात केला होता, त्यामुळे गावाला नामवंतांचे अप्रूप नव्हते. पण या करारावर जगभर बातम्या झाल्या. क्लबला प्रसिद्धी हवी होती, हे उघड आहे. प्रकरण फिफाकडे गेले आणि त्याच महिन्यात उत्तर आले: पुरुष आणि महिला फुटबॉल स्पष्टपणे वेगळे राहिले पाहिजेत, करार मान्य नाही. मारिबेल सेलायाकडून एकही अधिकृत सामना खेळू शकली नाही.

तत्त्व म्हणून फिफाचे म्हणणे समजण्यासारखे होते. पण बायकांनी आपल्या लीगमध्ये खेळावे असे सांगायचे, तर आधी ती लीग असायला हवी. मेक्सिकोत त्या वेळी महिलांची व्यावसायिक लीगच नव्हती.

मुलांत खेळण्याची मारिबेलला सवय होती. मेक्सिको सिटीच्या परिसरात वाढताना तिचे केस आखूड असत आणि गल्लीतली पोरे तिला मुलगाच समजत. तिनेही तो गैरसमज दूर केला नाही. ‘मारिओ’ म्हणून ती खुशाल खेळत राहिली. पुढे वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला, तेव्हा सवंगड्यांना खरे कळले.

गंमत अशी की प्रेक्षक नाहीत ही सबब मेक्सिकोत चालण्यासारखी नव्हती. १९७१ मध्ये तिथे भरलेल्या महिलांच्या जागतिक स्पर्धेला फिफाची मान्यता नव्हती, तरी मेक्सिको-डेन्मार्क अंतिम सामन्याला अझ्टेका स्टेडियमवर लाखभर लोक होते. मेक्सिको ०-३ असा हरला. खेळाडूंनी मोबदला मागितला होता, त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. स्पर्धा संपली आणि व्यवस्थेने हा सगळा उत्साह वाऱ्यावर सोडला.

म्हणून १९९९ साली मेक्सिकोचा महिला संघ अधिकृत विश्वचषकात पहिल्यांदा उतरला, तेव्हा प्रशिक्षक लिओनार्दो क्वेयार यांना अमेरिकेत वाढलेल्या मेक्सिकन वंशाच्या मुली घेऊन संघ उभा करावा लागला. ब्राझीलने ७-१, जर्मनीने ६-० आणि इटलीने २-० असे हरवले. त्या तीन सामन्यांत मेक्सिकोचा एकुलता एक गोल मारिबेलचा होता. ‘मारीगोल’ हे टोपणनाव तिला शोभून दिसते.

पोटासाठी तिला सीमा ओलांडावी लागली. अमेरिकेतल्या महिला लीगमधील अटलांटा बीट या संघाकडून ती २००३ चा अंतिम सामना खेळली आणि हरली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये पैशाअभावी ती लीगच बंद पडली. २००४ मध्ये मेक्सिकोचा महिला संघ प्रथमच ऑलिंपिकला गेला. अथेन्समध्ये चीनशी १-१ बरोबरी झाली, तो गोलही तिचाच. सेलायाचा करार त्यानंतर काही महिन्यांनी झाला, हे ध्यानात घेतले की तो निव्वळ तमाशा वाटत नाही. फिफाने दार बंद केल्यावर ती बार्सेलोनाच्या महिला संघात गेली. तो संघही पूर्ण व्यावसायिक झाला २०१५ मध्ये.

२००३ आणि २००७ या दोन्ही विश्वचषकांच्या दारातून मेक्सिकोला जपानने परत पाठवले. मग आला ५ नोव्हेंबर २०१०. कानकूनमधल्या पात्रता सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला मारिबेलने गोल केला आणि मेक्सिकोने बलाढ्य अमेरिकेला २-१ असे हरवले. अमेरिकेविरुद्ध मेक्सिकोच्या महिलांचा हा पहिलाच विजय. अमेरिकेला विश्वचषकासाठी इटलीशी जादा लढत खेळावी लागली. २०११ च्या विश्वचषकातही न्यूझीलंडविरुद्ध मारिबेलचा गोल आहे. देशासाठी तिने ऐंशीच्या वर गोल केले. निवृत्तीनंतर २० वर्षांखालील मुलींच्या संघाची ती प्रशिक्षक झाली, पण २०२२ च्या विश्वचषकाच्या तोंडावर तिला पदावरून हटवले गेले. हा शेवट तिच्या चाहत्यांना टोचणारा असला तरी नोंदवायला हवा.

मेक्सिकोतली महिलांची व्यावसायिक लीग, लीगा एमएक्स फेमेनिल, अखेर जुलै २०१७ मध्ये सुरू झाली. दुसऱ्याच हंगामात माँतेरेच्या मैदानावर अंतिम सामन्याला ५१,२११ प्रेक्षक आले. पहिल्या हंगामात संघात प्रामुख्याने २३ वर्षांखालील खेळाडू घ्यायच्या, असा नियम होता. मारिबेल तेव्हा ३८ वर्षांची होती.