घाटात गाडी बंद पडली तर

पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसते. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. त्यामुळे डिकीतला लाल त्रिकोण बंपरला टेकवून ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. तो चांगला ५० मीटर मागे हवा. त्याच्या बारीक पैलूंवर पडलेला उजेड इकडेतिकडे न फाकता आला तसा परत फिरतो, बॅटरी लागतच नाही.

मग रस्त्यापासून दूर, दरीची कड टाळून उभं राहा आणि ११२ फिरवा. कुणी जखमी असेल तर १०८. पत्ता ‘अमृतांजन पुलापाशी’ असा देऊ नका. सवय जात नाही, पण तो पूल २०२० मध्येच पाडला! कडेच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा वाचा आणि गाडीचं तोंड पुण्याकडे की मुंबईकडे, तेही सांगा.